सरस्वतीबाईची बेरीज

निंबटेकच्या पोरांना बेरीज येते, हे वंदना इंगळेला कुणी सांगितलं नव्हतं. उलट मुख्याध्यापक दीपक सरांनी पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "यंदा शाळा सुरू झाल्यापासून पहिलीले बाईच नाई मॅडम. मी एकटा चार वर्ग पाहू राह्यलो. पहिलीची पोट्टी नुसती येऊन बसतात, खिचडी खातात न जातात. तुम्ही एक-दोनपासूनच धरा."

वंदना तशी तयारीनंच आली होती. तिची आधीची शाळा देऊळघाटकडची, माहेराजवळची. तिथं तिनं कितीतरी पहिल्या काढल्या होत्या. पोरांच्या हातात आधी वस्तू द्यायची, मग चित्र, मग आकडा, ही तिची रीत. आता मेहकरला खोली घेतली होती. सकाळी बसनं सुलतानपूर आणि तिथून ॲटोनं निंबटेक. पिशवीत डब्यासोबत चिंचोक्यांचा एक मोठा डबा असायचा.

पहिलीत अकरा पोरं होती. पट्टीवर मांडी घालून बसलेली, गप्प. तिनं सगळ्यांपुढं मूठभर चिंचोके ठेवले आणि सहज विचारलं, "तीन आणि चार किती होतात, कुणी सांगेल?"

"सात," अकरा तोंडं एकदम उघडली.

"पाच आणि चार?"

"नऊ."

चिंचोक्यांना कुणी हातही लावला नाही. अंगठा करंगळीच्या पेरावरून भराभर फिरला, बोटाच्या सांध्यानं जमिनीवर एक टिचकी पडली आणि उत्तर आलं. सगळ्यांची करायची तऱ्हा एकच. वंदनानं सहा-दोन विचारलं, आठ-एक विचारलं, उलटं करून विचारलं. एकही चुकलं नाही. दुसरीची पोरं त्याच खोलीत मागच्या पट्टीवर बोटं तोंडात घालून बघत होती. त्यांना यातलं काही येत नव्हतं.

"कुणी शिकवलं रे तुम्हाला?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग पहिल्या रांगेतली एक बारकीशी मुलगी, काजल, डोकं किंचित हलवत म्हणायला लागली आणि बाकीची तिच्यामागं सुरात आली:

"एक नि एक दोन, बाहेर राह्यलं कोन?
दोन नि एक तीन, आत घे मोजून.
तीन नि एक चार, लावून घे दार..."

असं करत करत ती दहापर्यंत पोचली. "नऊ नि एक दहा, इथंच बसून राहा." तिथं सगळ्यांनी मिळून जमिनीवर टिचकी मारली आणि वर्ग पुन्हा गप्प झाला.

वंदनाला कौतुक वाटलं. अंगणवाडीवाली बाई चांगली दिसते, असं ती दीपक सरांना म्हणाली. नवी अंगणवाडी ग्रामपंचायतीजवळ होती. दोन दिवसांनी तिथल्या ताई रस्त्यात भेटल्या तेव्हा वंदनानं त्यांचे आभार मानले, तर त्या हसायलाच लागल्या. "मी कायची बेरीज शिकवतो मॅडम? दहापर्यंत मोजता आलं तरी खूप झालं. थे गाणं मी तर आयकलंबी नाई."

तेव्हाही वंदनानं फार मनावर घेतलं नाही. लेकरं कुठून काय उचलतील याचा नेम नसतो. पोळा झाला आणि तिनं वजाबाकी काढली.

तिथून सगळं बिनसलं.

तिनं नऊ चिंचोके मांडले, पोरांकडून मोजून घेतले. "आता यातले दोन मी काढले. किती राहिले?"

उत्तर आलं नाही. पोरं चिंचोक्यांकडं बघेनात. महामाया नावाची एक बडबडी मुलगी होती, एरवी तिला गप्प बसवावं लागायचं. तीसुद्धा गुडघ्यात मान घालून बसली. काजल उठली, बाईंच्या तळहातावरचे दोन चिंचोके तिनं हळूच उचलले आणि परत ढिगात नेऊन ठेवले.

"काढायचं नाई, मॅडम," ती म्हणाली. दटावल्यासारखं नाही. समजावल्यासारखं.

"का गं?"

"आजी रागावते."

"कोणती आजी?"

काजलनं नुसतं खिडकीकडं बोट केलं. खिडकीतून मैदानाचा कोपरा दिसत होता आणि कोपऱ्यात जुन्या अंगणवाडीची खोली, दाराला कुलूप असलेली.

दुसऱ्या दिवशी वंदनानं खेळ केला. स्टीलच्या वाटीखाली दहा चिंचोके झाकले, वाटीच्या कडेखालून तीन काढून मुठीत घेतले. हा तिचा ठरलेला खेळ होता. वाटीखाली किती ते पोरांनी ओळखायचं आणि वाटी उचलून पडताळायचं. देऊळघाटची पोरं या खेळाला नाचायची. इथं तिनं वाटी उचलली आणि पोरांना मोजायला लावलं.

"दहा," पोरं म्हणाली.

वंदनानं मोजले. दहाच होते. मुठीत तीन होते. आपण मघाशी जास्तीचे टाकले असणार, असं म्हणून तिनं पुन्हा नीट मांडले. पुन्हा झाकले. या वेळी चार काढले. वाटी उचलली. दहा.

मधल्या सुट्टीत पोरं बाहेर गेल्यावर तिनं वर्गाचं दार लोटलं आणि एकटीनं करून बघितलं. एक एक करत दहा चिंचोके मोठ्यानं मोजून वाटीखाली सरकवले, एकच बाहेर काढला आणि तो टेबलावर ठेवला. वाटी उचलायचा धीर होईना. मग उचलली. नऊ असायला हवे होते.

तिनं ते सगळे गोळा करून डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि दारात जाऊन उभी राहिली.

वंदनाचे वडील प्रेमानंद गुरुजी. उभा जन्म त्यांनी अंगात येणं, भानामती, उतारे यांच्याविरुद्ध बोलण्यात घालवला होता. वस्तीत कुणी लिंबू-मिरची टांगली तर ते लिंबू ते सरबताला वापरत. अशा घरात वाढलेल्या वंदनाला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. आपलं मोजायला चुकतंय, झोप पुरी होत नाहीये, रोजच्या प्रवासानं डोकं काम देत नाहीये, असं ती मनाला बजावत राहिली. पण मैदानाकडं तिचं लक्ष गेलं. पहिलीची अकराही पोरं जुन्या अंगणवाडीच्या मागच्या खिडकीखाली ओळीनं बसली होती. खेळत नव्हती, भांडत नव्हती. वर माना करून ऐकत होती.

खिचडी शिजवायला जनकाबाई होती, गावातलीच, साठीला आलेली. ती भांडी घासत असताना वंदनानं तिला खोलीबद्दल विचारलं.

जनकाबाईनं हातातली कढई खाली ठेवली. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. म्हणून तर विचारतेय."

"सरस्वतीबाईची खोली हाये थे. जुनी अंगणवाडीवाली. लय जीव लावे पोट्ट्याईले. निम्मं गाव तिच्यापाशी मोजायले शिकलं." जनकाबाईनं पदरानं हात पुसले. "तिची सोताचीच नात होती अंगणवाडीत. छकुली. एक दिवस दुपारी सुटीच्या टायमाले सरस्वतीबाईनं पोरं मोजली. एक कमी भरलं. छकुली नोती. सरस्वतीबाई म्हने, घरी गेली असंन. घर मंजे का, हे इथं समोर. पोरगी रोज पळून जाये आईपाशी. पन त्या दिवशी थे घरी गेलीच नोती."

"मग?"

"शेततळं हाये न त्या टेकाळापलीकडे. प्लास्टिकची पन्नी टाकेल. पोट्टी पाय घसरून गेली तर वर चढताच येत नाई, मॅडम. पन्नी हातात येत नाई." जनकाबाईनं कढई पुन्हा पुढं ओढली. "त्याच्यानंतर सरस्वतीबाई पोरं मोजतच राहे. सुटी झाली तरी सोडे नाई. दारात आडवी उभी राहे. माय-बाप येत, ओढून नेत आपलं लेकरू, तवा थे बाई रडे. मंग तिले घरी बसवलं. अन् वर्ष-दीड वर्षात गेली बिचारी."

जनकाबाईकडं किल्ली होती. दुपारच्या लख्ख उन्हात तिनं कुलूप काढून दिलं आणि स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

आत मोडके बाक रचलेले होते, त्यांच्यावर धुळीचा थर. कोळ्यांची जाळी. मात्र खोलीच्या मधोमध, दोन-तीन सतरंज्या मावतील एवढी फरशी स्वच्छ होती, नुकती पुसल्यासारखी. भिंतीवर जुन्या रंगातली चित्रं होती. दोन आंबे, तीन आंबे, मिळून पाच. चार बदकं, चार बदकं. खालच्या ओळीत झाड होतं, झाडावर चिमण्या, आणि आभाळात एक चिमणी उडाल्याचं चित्र असणार, कारण तिथला रंग खरवडून भिंतीचा गिलावा उघडा पडला होता. ती उडालेली चिमणी कुणीतरी खडूनं परत फांदीवर काढली होती. इतर चिमण्यांच्या मध्ये, अंग चोरून बसलेली.

वंदना बाहेर आली तेव्हा तिला थंडी वाजत होती.

त्याच संध्याकाळी ॲटो चुकवून ती काजलच्या घरी गेली. काजल ही छकुलीची धाकटी बहीण, हे तिला जनकाबाईकडूनच कळलं होतं. तिनं मनाशी एक उत्तर तयार केलं होतं आणि ते खरं निघावं अशी तिची फार इच्छा होती: आजीनं नातीला मांडीवर घेऊन गाणं शिकवलं, नातीनं ते इतर पोरांना शिकवलं. संपलं.

काजलची आई अश्विनी, सरस्वतीबाईची सून, अंगणात शेंगा निवडत बसली होती. तिशीच्या आतली बाई, पण चेहरा ओढलेला. तिनं मॅडमसाठी खाट टाकली, पाणी दिलं. वंदनानं काजलच्या हुशारीचं कौतुक केलं आणि मग म्हणाली, "आजीनं चांगलं शिकवलंय तिला."

अश्विनीचा हात शेंगांमध्येच थांबला.

"कोन्या आजीनं?"

"तिच्या. सरस्वतीबाईंनी."

"थे वारल्या तवा काजल नीट बोलतबी नोती, मॅडम," अश्विनी सावकाश म्हणाली. "अन् बोलत असती तरी काय? म्या त्याईच्या मांडीवर बसूच देलं नाई पोरीले. एक दिवस नाई. एका घरात राहून म्या त्याईच्याशी तोंड नाई उघडलं. थे मराले टेकल्या तवा पानी मांगत होत्या माह्या हातचं. म्या नंदेच्या हातानं देलं." तिनं वर बघितलं. "तुमाले काजलनं सांगतलं का, आजीनं शिकवलं म्हनून?"

वंदनाला खोटं बोलता आलं नाही. "सगळीच पोरं सांगतात."

अश्विनीनं काजलला घरातून बाहेर बोलावलं आणि ती आल्यावर तिचा हात असा धरला की पोर कळवळली.

त्यानंतर वंदनानं वजाबाकी बंद केली. पोरांना अक्षरं दिली, चित्रं दिली, मधल्या सुट्टीत त्यांना मैदानाच्या दुसऱ्या बाजूला खेळायला नेलं. पोरं जायची, खेळल्यासारखं करायची आणि माना मात्र कोपऱ्याकडं वळवायची. ती फळ्याकडं वळली की पाठीमागं टिचक्या ऐकू यायच्या. एकदा तिनं हजेरी घेताना अकरा पोरं मोजली आणि बाराव्या टिचकीचा आवाज आला. तिनं पुन्हा मोजायचं टाळलं. बदलीसाठी कुणाला भेटावं याचा ती विचार करायला लागली होती.

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. गाव सगळं विळे घेऊन रानात. मधली सुट्टी संपून पोरं आत आली, वंदनानं नजर फिरवली. काजलची जागा रिकामी होती.

"काजल कुठाय?"

"घरी गेली असंन, मॅडम," महामाया म्हणाली.

वंदनानं खडू उचलला. फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला. आणि तो हात तिथंच राहिला. घर समोर होतं, पोर रोजच आईकडं पळायची, आणि सरस्वतीबाईसारखंच तिनंही आत्ता मनातल्या मनात तेवढंच म्हटलं होतं: असेल.

तिच्या हातून खडू पडला. "दीपक सर!" ती व्हरांड्यातून ओरडली. "शेततळ्याकडे पळा! काजल नाहीये!" सर चप्पलही न घालता धावले. दुसरीच्या एका मुलीला तिनं काजलच्या घरी पिटाळलं आणि स्वतः मैदानाच्या कोपऱ्याकडं पळाली.

दाराला कुलूप होतं. आतून बारीक आवाज येत होता.

"पाच नि एक सहा..."

ती मागं गेली, खिडकीच्या गजांना धरून आत बघितलं. मधल्या स्वच्छ फरशीवर काजल पाठमोरी बसली होती. तिच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग होता. गज शाबूत होते, कुलूप शाबूत होतं. सकाळी काजल दोन वेण्यांना बो बांधून आली होती. आता तिची एकच वेणी होती, तेल लावून चापूनचोपून घातलेली, टोकाला लाल रिबीन.

"काजल, इकडं ये बाळा. खिडकीशी ये."

काजलनं वळून बघितलं. ती रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. तेच वंदनाला सहन होईना. "नाई मॅडम. आता कोनी जायाचं नाई म्हनते आजी. तुमीबी आत या म्हनते."

जनकाबाई किल्ली घेऊन आली. वंदनानं ती तिच्या हातातून घेतली आणि कुलूप काढलं. कडी निघाली. दार मात्र हललं नाही. आतून त्याला कडीच नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. तळ्यावरून परत आलेल्या दीपक सरांनी खांदा लावला, रस्त्यानं चाललेल्या दोघा माणसांनी लावला. दार नुसतं फुगल्यासारखं घट्ट. आतलं गाणं थांबलं नव्हतं, आणि आता त्या गाण्यात काजलच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, जाडसर, थकलेला. तो सगळ्यांनी ऐकला. रस्त्यावरची दोन माणसं मागं सरली.

तेवढ्यात अश्विनी आली. घरून रानात सांगावा गेला, तशी तिथूनच धावत आली होती, हातात विळा तसाच. तिनं खिडकीतून आत बघितलं आणि वेणी दिसल्याबरोबर तिच्या तोंडून आवाज फुटला. "अशी छकुलीची घालत होत्या त्या. रोज."

कुणीतरी म्हणालं पहार आणा, कुणी म्हणालं दार फोडा. अश्विनीनं विळा टाकून दिला. "थांबा," ती म्हणाली. "कोनी हात नका लावू." ती दारापुढं उकिडवी बसली आणि कपाळ फळीला टेकलं. इतक्या वर्षांत जिच्याशी बोलली नाही, तिला काय म्हणून हाक मारावी हेही ती विसरली असावी.

"आत्याबाई," ती शेवटी म्हणाली. "मी अश्विनी."

आतलं गाणं थांबलं.

"तुमी म्हने घरी गेली असंन. मीबी तवा घरात तेच म्हनत होती, अंगनवाडीत असंन. दोघींनीबी एकमेकीवर सोडली तिले. पन म्या सगळं तुमच्याच माथी मारलं. तुमी पानी मांगतलं तवा..." तिनं नाक पुसलं. "छकुली गेली, आत्याबाई. कितीबी मोजा, थे नाई येत. हे काजल हाये. हिले मले द्या. तुमच्यातून एक कमी होते, मले समजते. होऊ द्या."

आतून काजलचा आवाज आला, तिचा एकटीचा, निरोप सांगावा तसा.

"आजी विचारते, मंग किती राह्यले?"

अश्विनीला ते उमगलं नाही. तिनं वंदनाकडं बघितलं. वंदनाच्या वडिलांनी शिकवलेलं सगळं, तिनं स्वतः शिकवलेलं सगळं क्षणभर डोक्यातून पुसलं गेलं होतं, पण हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. तो तिनं हजारदा विचारला होता. तिनं मागं बघितलं. पहिलीची पोरं तिच्यामागून मैदानात येऊन उभी होती, एकमेकांचे हात धरून. तिनं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोठ्यानं मोजलं.

"अकरातून एक गेली," ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "दहा राहिले. दहाही इथं माझ्यासमोर आहेत, सरस्वतीबाई. मी हात लावून मोजलेत. आणि जी गेली, ती कुठं गेली तेही मला माहीत आहे. ती तिच्या आईच्या हातात, आई इथं दारातच बसलीय. मी डोळ्यानं बघतेय. मी 'असेल' म्हणत नाहीये."

कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग दार उघडलं. जोरात नाही, धाडकन नाही. मोजणी पुरी झाल्यावर कुणी बाजूला सरावं तसं. काजल उंबऱ्यात उभी होती. अश्विनीनं तिला उचललं आणि दोघीही तिथंच धुळीत बसल्या. दारातून थंडगार हवा आली, तिला खोबरेल तेलाचा वास होता, आणि जरा वेळानं तोही राहिला नाही.

काजलला ताप भरला. दोन-तीन दिवस ती शाळेत आली नाही. गावात बोलणं व्हायचं ते झालं. कुणी मांत्रिकाचं नाव काढलं, अश्विनीनं त्याला दारात उभं केलं नाही. तिनं फक्त एका सकाळी त्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढले, जाळी झाडली आणि दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवला. तो ती रोज बदलते. खोलीला कुलूप लावू नका, असं तिनं जनकाबाईला सांगितलं. त्याच आठवड्यात तिचा नवरा गोविंदा यानं शेततळ्याभोवती काटेरी तार ओढली आणि पन्नीवरून पाण्यापर्यंत लोंबतील असे गाठी मारलेले दोर बांधले. इतकी वर्षं का नाही बांधले, हे त्याला कुणी विचारलं नाही.

वंदनानं बदलीचा विषय सोडून दिला. का सोडला हे तिला नीट सांगता आलं नसतं. देऊळघाटला फोन केला की वडील शाळेचं विचारायचे, ती पोरांच्या गमतीजमती सांगायची. हे मात्र तिनं त्यांना सांगितलं नाही. खोटं ठरेल म्हणून नाही. ते शांतपणे ऐकून घेतील आणि मग कारणं शोधायला बसतील, आणि कारणं सापडली तर ती त्या दुपारपेक्षा लहान असतील, असं तिला वाटायचं. अजूनही कधी कधी, एकटी असताना, फळ्याकडं तोंड करून उभं राहायला तिला नको वाटतं. शाळा सुटताना ती दारात थांबते आणि प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावते. कुणाचं घर कितीही समोर असू दे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला. तिनं नऊ चिंचोके मांडले, दोन काढले. पोरांनी माना खाली घातल्या नाहीत. त्यांनी मोजलं, काही चुकली, काही बरोबर आली, महामायानं तर आठ सांगून वर भांडण काढलं. ढीग सातचाच राहिला. वंदनानं तो दोनदा मोजला.

मात्र एक झालं. ते गाणं पोरांना आठवेनासं झालं. पहिली ओळ म्हणायला सांगितली तर ती एकमेकांकडं बघून हसायची. पेरांवरून फिरणारा अंगठा गेला, टिचकी गेली, आणि त्याबरोबर बेरीजही गेली. सगळं पुन्हा मुळापासून सुरू करावं लागलं. डोक्यात मोठी संख्या, हातावर लहान, आणि पुढं मोजत जायचं.

एका सकाळी तिनं काजलला उभं केलं. "सात आणि पाच?"

काजलनं एका हाताची पाच बोटं उघडली आणि दुसऱ्याची दोन. आता उरलेल्या तीन बोटांत पाच कसे बसवायचे, म्हणून ती अडली. इकडं तिकडं बघितलं, शेजारच्या महामायाचा हात ओढून घेतला आणि तिची बोटं एक एक करून उघडायला लागली. महामायाला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली. काजलचं मोजणं चुकलं, तिनं पहिल्यापासून धरलं, परत चुकलं.

"तेरा?" तिनं घाबरत घाबरत विचारलं.

"जवळ आलीस," वंदना म्हणाली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. "चल, आपण दोघी मिळून करू."